अण्णांच्या शेडमधली उखळगाडी

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. आम्ही तर मुळीच केले नाहीत. आम्ही दिवसभर उभं राहून लोखंड कापत होतो, आणि ज्या भानगडींनी त्या वेळी आमच्या तोंडचं पाणी पळवलं होतं, त्याच आता चहाबरोबर बाहेर निघतात. दोस्तमंडळी जमली की दहाव्या मिनिटाला कोणीतरी म्हणतंच, "काळे, ते उखळगाडीचं काढा की!" आणि एक काढला की त्याच्या मागे दुसरा उभाच असतो.

आधी उखळगाडी म्हणजे काय ते सांगून टाकतो, म्हणजे मधेच कोणी हात वर करायला नको. रणगाड्यासारखी लोखंडी पट्ट्यांवर चालणारी चिलखती गाडी. पण पुढे लांब नळी नाही. वरचं छप्पर दोन दारांसारखं उघडतं आणि आत एक जाडजूड उखळी तोफ बसवलेली असते. ती आभाळाकडे तोंड करून गोळा सोडते. तोफ चौफेर फिरावी म्हणून तिच्याखाली एक मोठी लोखंडी रिंग असते, आणि गोळा सुटताना सगळा धक्का त्या रिंगेवर येतो. लष्कराला अशी एक गाडी नमुन्यादाखल करून बघायची होती. जुनी पट्ट्यांची गाडी ते देणार, तोफ ते देणार. रिंग, छपराची दारं आणि आतली फिटिंग करणार अण्णा.

अण्णा म्हणजे आमचे मालक बसप्पा. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांची एक लांबलचक शेड होती आणि त्या शेडमध्ये पॉवरलूमचे सुटे भाग व्हायचे. मी तिथं ड्राफ्ट्समन होतो. लढाई होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, दुष्काळ नुकताच सरला होता आणि लूमवाल्यांच्या ऑर्डरी बसल्या होत्या. तेवढ्यात नगरहून एक मेजरसाहेब आले आणि त्यांनी विचारलं, "कर सकोगे?" अण्णांनी काय करायचं ते न ऐकताच हो म्हटलं. साहेब गेल्यावर त्यांनी ड्रॉइंग उघडलं, दोन मिनिटं पाहिलं आणि मला म्हणाले, "काळे, हे लूम न्हाय वाटतं."

"नाही अण्णा."

"असू दे. उखळात डोकं घातल्यावर मुसळाला काय भ्यायचं!"

* * *

ड्रॉइंगांची पेटी आली, तिच्यावर लाल शाईनं 'गोपनीय' असा शिक्का होता. अण्णांनी सगळ्या कामगारांना अंगणात बसवलं आणि सांगितलं, "हे काम लष्कराचं हाय. भाईर बोलायचं न्हाय. बायकोला बी न्हाय."

तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं मला विचारलं, "काय काळेसाहेब, तोफेचं कुटवर आलं?"

अण्णांना हे फार लागलं. त्यांनी एक दिवस विचार केला आणि पेंटरला बोलावून गेटवर बोर्ड लावला : 'येथे लष्कराचे गोपनीय काम चालते. कोणीही चौकशी करू नये.'

आमचे फोरमन यल्लय्या मास्तर विणकर घराण्यातले. घरी तेलुगू. ते म्हणाले, "अण्णा, आमच्या लोकांना मराठी वाचाया येत न्हाय. काय विचारायचं न्हाय ते त्यांना कळणार कसं?" बरोबर होतं. खाली तेलुगूत लिहिलं. मग अण्णांना वाटलं, अक्कलकोटकडची माणसं या रस्त्यानं जातात, त्यांच्यासाठी कन्नड पाहिजे. मग आमचे वेल्डर इस्माईलभाई म्हणाले, "और हमारे लोगां आके पूछे तो?" मग उर्दू. बोर्ड मूळचा तीन फुटांचा, तो आठ फुटांचा झाला. अक्कलकोटच्या एस.टी.तून लोक माना काढून वाचायला लागले.

पुढच्या महिन्यात मेजरसाहेब आले. जीप गेटपाशी थांबली. साहेब खाली उतरले, कमरेवर हात ठेवून बोर्डासमोर बराच वेळ उभे राहिले. अण्णा घामाघूम झाले होते.

साहेब एवढंच म्हणाले, "हिंदी रह गई."

* * *

आमच्यापैकी कोणीही उखळी तोफ पाहिलेली नव्हती. म्हणून अण्णांनी मोडनिंबचे माने हवालदार शोधून आणले. सैन्यातली सगळी नोकरी त्यांनी उखळी तोफेवर काढली होती आणि रिटायर होऊन शेती करत होते. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं, एक पाइपाचा तुकडा घेतला, तो तिरका धरला आणि एक वांगं हातात घेतलं.

"ही नळी. हा गोळा. गोळा वरच्या तोंडातनं आत सोडायचा. खाली जाऊन आपटला की पेटतो, आन् त्याच तोंडातनं भाईर जातो. कळलं का?"

 यल्लय्या मास्तरांनी हात वर केला. "म्हंजे जितनं घातला तितनंच भाईर येतो?"

"व्हय."

"मग आत घातलाच कशाला?"

हवालदारांनी पाइपाकडे पाहिलं. मग वांग्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुठल्याही अधिकाऱ्यानं विचारला नव्हता. "उद्या सांगतो," असं म्हणून त्यांनी परेड सोडली. दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा आम्ही विषय काढला नाही, त्यांनीही नाही.

* * *

गाडी नगरहून ट्रेलरवर आली. पण आमच्या गल्लीच्या वळणावर ट्रेलर अडकला, म्हणून गाडी खाली उतरवली आणि शेवटचा टप्पा तिच्याच पट्ट्यांवर यायचं ठरलं. मे महिना. डांबर पिठल्यासारखं झालेलं. गाडी निघाली आणि नेमकी त्याच वेळी शेजारच्या टॉवेलच्या कारखान्यांची पाळी सुटली. दीड-दोनशे सायकली!

गाडी रस्ताभर पसरून माणसाच्या चालीनं चाललेली. मागे सायकलींची रांग लागली. थोडा वेळ लोकांनी कौतुकानं पाहिलं. मग कौतुक संपलं, कारण घरी जेवायचं होतं. अगदी पुढच्या सायकलवाल्यानं घंटी वाजवायला सुरुवात केली. आतला ड्रायव्हर हरियाणाचा जवान. गाडीचा आवाज एवढा, पण सायकलच्या घंट्या दोनशे असल्या की त्या चिलखतातूनसुद्धा ऐकू येतात. त्यानं मान बाहेर काढून मागे पाहिलं आणि मुकाट्यानं गाडी डावीकडे घेतली.

सायकली सुटल्या. पुढचा तो माणूस हँडलला डबा अडकवून शांतपणे गाडीच्या बरोबरीला आला, ड्रायव्हरकडे पाहून म्हणाला, "वळताना हात दाखवायचा की!" आणि निघून गेला.

* * *

उरलेल्या उन्हाळ्यात गाडी अंगणातच उभी होती. अकरा वाजता तिच्या छपरावर हात ठेवता येत नसे. दुसऱ्याच दिवशी कोणीतरी आपला डबा तिच्यावर ठेवला. एक वाजता आमटी वाफाळत होती. आठवडाभरात सगळे डबे तिच्यावर जायला लागले. अन्नाला चव आली, खोटं कशाला सांगू.

एकदा मेजरसाहेब न कळवता भर बाराला आले. चिलखती गाडीवर ओळीनं एकतीस डबे! पंधरा या बाजूला, सोळा त्या बाजूला.

"यह क्या है?"

 माने हवालदार पुढे झाले, टाच आपटून सलाम ठोकला. "हीट टेस्ट, साब!"

साहेबांनी जरा वेळ डब्यांकडे पाहिलं. "रिझल्ट?"

"तीस पास, साब. एक का ढक्कन उड गया."

* * *

रिंग तयार झाली त्या दिवशी अण्णांनी नारळ फोडला. आमच्याकडे नवा लूम असो की नवा नट, नारळ आणि हळद-कुंकू झाल्याशिवाय मशीन सुरू होत नसे. अण्णांनी बोटानं रिंगेच्या कडेला कुंकू टेकवलं. तेलाचं बोट होतं, त्यामुळे ते असं काही बसलं की पुसायला गेलो तर अजून पक्कं झालं.

दुसऱ्या दिवशी साहेब माप घ्यायला आले. हातात कागद, सोबत एक क्लार्क. रिंगेभोवती एक चक्कर मारून त्यांनी त्या लाल ठिपक्यावर पेन्सिल टेकवली. "यह क्या मार्क है?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण मार्क हा ड्राफ्ट्समनचा प्रांत. खरं सांगायचं धैर्य मला झालं नाही. "झिरो पॉइंट, सर," मी म्हणालो. "इथून सगळे अँगल मोजायचे."

"गुड," साहेब म्हणाले. "पहली बार किसी ने दिमाग चलाया है." आणि त्यांनी क्लार्कला ते लिहून घ्यायला लावलं. मी घरी जाऊन दोन दिवस नीट जेवलो नाही.

दीड महिन्यानं साहेबांच्या ऑफिसातून सुधारलेलं ड्रॉइंग आलं. अगदी सुबक काढलेलं. रिंगेच्या कडेला एक लहान गोल, त्याला बाण आणि बाणापुढे लिहिलेलं : लाल रंगाची खूण, बोटाच्या पेराएवढी, आवश्यक.

अण्णांनी ते ड्रॉइंग कपाळाला लावलं.

* * *

गाडीचं छप्पर उघडं असताना वरून टाकायला एक जाड कापडी आच्छादन लागायचं. साधं, हिरवट, जाड विणीचं. यल्लय्या मास्तर म्हणाले, "हे भाईर कशाला द्यायचं? घरच्या मागावर इणतो."

आठ दिवसांनी त्यांनी गठ्ठा आणून सोडला. विण अशी की पाण्याचा थेंब आत जाणार नाही. रंग अगदी सांगितलेला. आणि चारी बाजूंनी चार बोटं रुंदीचा लालभडक काठ, त्यात मोर!

माने हवालदारांनी डोक्याला हात लावला. "मास्तर, शत्रूला तीन मैलावरनं मोर दिसंल!"

 साहेब आल्यावर अण्णांनी सारवासारव सुरू केली. चुकून झालं, माग तसाच लावलेला होता, दुसरं विणून देतो. तेव्हा मास्तर मधेच म्हणाले, "चुकून न्हाय झालं साहेब. मी लावलाय." आणि मग मराठी आणि हिंदीची मोडतोड करत त्यांनी सांगितलं, की त्यांच्या घरात बिनकाठाचं कापड एकाच कामाला विणतात. ते माणसाच्या अंगावर शेवटचं घालतात. "ह्या गाडीत पोरं बसणार. त्यांच्या डोईवर मी तसलं कापड न्हाय घालणार. ऑर्डर गेली तरी चालंल."

शेडमध्ये लेथ चालू होता तोही कोणीतरी बंद केला.

साहेबांनी कापड हातात घेतलं, काठावरून अंगठा फिरवला. मग ते माझ्याकडे वळून, जणू ही माझीच चूक होती अशा आवाजात म्हणाले, "बॉर्डर अंदर फोल्ड करके सिलवा लो. अंदर किसी को नहीं दिखता." आणि ते दारं बघायला गेले.

* * *

आता इस्माईलभाई. त्यांच्याबद्दल नीट सांगायला हवं, कारण शेवटचा किस्सा त्यांचाच.

सोलापुरात त्या काळी त्यांच्यासारखा वेल्डर नव्हता. त्यांचा टाका बघायला लोक यायचे. माशाच्या खवल्यांसारखा एकसारखा, एकावर एक रचलेला. बोलणं कमी, पान जास्त. घरी बायको आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली. वेल्डिंगशिवाय त्यांना दुसरं काही येत नव्हतं आणि शिकायची इच्छाही नव्हती.

एकदा रिंगेखालच्या पायांचं ड्रॉइंग घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. तोफेच्या रिंगेला खाली बारा पाय होते आणि प्रत्येक पाय गाडीच्या तळाला वेल्डिंगनं जोडायचा होता. मी कागद समोर धरून सगळं समजावलं. कुठे जाड टाका, कुठे बारीक. इस्माईलभाई मान डोलावत होते. "बराबर है. एकदम बराबर."

परत येताना माझ्या लक्षात आलं, मी ड्रॉइंग उलटं धरलं होतं.

मी मास्तरांकडे गेलो. मास्तर म्हणाले, "तुला आज कळलं? दोन वरीस झाली." म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं! वेल्डिंगच्या उजेडानं इस्माईलभाईंचे डोळे गेले होते. एक जवळजवळ पूर्ण आणि दुसरा अर्धा. ते हातानं बघत होते. पत्र्याची कड, फट, टाक्याची उंची, सगळं बोटांवर. आणि काम पहिल्यापेक्षाही चांगलं होत होतं, हीच मोठी पंचाईत होती. वाईट झालं असतं तर बोलता तरी आलं असतं.

लष्कराच्या कागदावर स्वच्छ लिहिलं होतं की वेल्डरची नजर शाबूत असल्याचा दाखला पाहिजे. अण्णांनी तीन वर्षांपूर्वीचा दाखला जोडून दिला आणि देवाला हात जोडले. साहेबांना कळलं असतं तर इस्माईलभाई त्याच दिवशी घरी बसले असते आणि ऑर्डरही गेली असती.

त्या दिवसापासून मी पत्र्यावर खडूची रेघ मारणं बंद केलं. रेघेच्या जागी पंच, म्हणजे टोकदार छिन्नी, ठोकून ठिपके मारायला लागलो, बोटाला लागतील असे. इस्माईलभाईंनी पहिल्यांदा त्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं तेव्हा ते थांबले. माझ्या दिशेनं पाहिलं. म्हणाले, "चाय पिएंगा?" तो विषय आमच्यात एवढाच झाला.

* * *

चाचणी नगरजवळच्या माळावर होती. अण्णा, मास्तर, हवालदार, इस्माईलभाई आणि मी असे पाच जण ट्रकमधून गेलो. खरं तर इस्माईलभाईंना न्यायचं नव्हतं. अण्णांनी दोनदा सांगितलं, "भाई, तुमी ऱ्हावा हितं." ते म्हणाले, "मेरे हाथ का है. मैं आऊंगा." आणि ट्रकमध्ये चढून बसले.

पहिल्या दिवशी गाडीत माणूस बसवत नाहीत. लांब खड्ड्यात बसून दोरीनं गोळा सोडतात. दहा गोळे सोडायचे होते. पहिला सुटला. अण्णा डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. मास्तर बोटांवर मोजत होते. दहा झाले. गाडी जागच्या जागी होती, तोफ सरळ होती, छपराची दारं शाबूत होती.

साहेब टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन आत उतरले. अर्धा तास एकेक टाका पाहिला. रिंगेखाली हात जेमतेम जाईल एवढीच जागा, तिथं आरसा घालून पाहिलं. काजळीशिवाय काही नव्हतं. साहेब वर आले आणि पहिल्यांदाच हसले. "पास. कल सुबह क्रू अंदर बिठाकर फायर करेंगे." त्यांनी फॉर्म काढला, पेन काढलं. अण्णांनी माझा दंड एवढा घट्ट धरला की नंतर चार दिवस दुखत होता.

तेव्हा इस्माईलभाई म्हणाले, "साब, एक बार हाथ फेरूं?"

अण्णांनी मागून त्यांच्या शर्टाचं टोक धरून ओढलं. साहेबांनी खांदे उडवले. "जाओ."

इस्माईलभाई आत उतरले. गाडीच्या तळावर पालथे पडले आणि त्यांनी रिंगेखाली हात घातला. आम्ही वरून बघत होतो. पहिला पाय, दुसरा, तिसरा. बोटं सावकाश फिरत होती. सातव्या पायाशी हात थांबला. मागे गेला. परत पुढे आला. तिथंच थांबला.

ते बाहेर आले. हात काळाकुट्ट झालेला. "सातवां पांव, साब. अंदर के बाजू से. नाखून अटकता."

साहेब पुन्हा उतरले. आरसा, टॉर्च. पाच मिनिटांनी वर आले. "वहां कुछ नहीं है. मुझे कुछ नहीं दिखता." मग जरा चिडूनच विचारलं, "तुम्हें दिखता है?"

मास्तर माझ्याकडे बघत होते. मी जमिनीकडे. इस्माईलभाईंनी एक शब्द बोलायचा होता फक्त. 'नहीं साब, गलती हुई,' एवढं म्हटलं असतं की सही झाली असती, नोकरी राहिली असती आणि आम्ही संध्याकाळपर्यंत सोलापूरच्या रस्त्याला लागलो असतो.

"दिखता नै साब," इस्माईलभाई म्हणाले. "इसलिएच तो बोल्या."

 साहेबांनी इस्माईलभाईंच्या चेहऱ्यासमोर दोन बोटं धरली. "कितनी?"

"हाथ है, इतना मालूम. उंगलियां आप बोलो."

"कब से?"

"दो साल के ऊपर हो गए."

"और यह सब वेल्डिंग?"

"मेरीच. सातवां भी मेराच."

अण्णा तिथंच मातीत बसले. मला रडू आलं. लपवून काय करू, आलं.

 मास्तरांनी आमच्या ट्रकमधून रॉकेल आणलं. भेगेची शंका आली की आम्ही शेडमध्ये करायचो तेच केलं : सातव्या पायाच्या आतल्या बाजूला रॉकेलचा बोळा फिरवला, फडक्यानं कोरडं केलं आणि वरून खडूची पूड चोपडली. मग थांबलो. साहेबांनी आरसा घातला. पांढऱ्या पुडीवर हळूहळू एक बारीक ओली रेघ उमटली. जिऱ्याएवढी.

माने हवालदारांनी डोक्यावरची टोपी काढली. "साहेब," ते म्हणाले, "उद्या पोरं बसनार हुती हितं."

साहेबांनी सही करायला काढलेला फॉर्म फाडला. पेटीतून दुसरा घेतला आणि जीपच्या बॉनेटवर ठेवून लिहायला लागले. वारा होता, म्हणून कागद धरायला मला उभं केलं. त्यामुळे प्रत्येक रकाना मला दिसत होता. दोष : एक, सातवा पाय, आतील बाजू. उपाय : टाका काढून नव्याने घालावा. पुढच्या रकान्यापाशी पेन थांबलं. दोष कोणत्या उपकरणाने आढळला?

साहेबांनी मान वर केली. इस्माईलभाई जरा लांब उभे होते, फडक्याला हात पुसत. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं : उजव्या अंगठ्याचे नख, इस्माईल.

खाली एकच रकाना उरला होता. उपकरण सध्या कोठे आहे?

साहेबांनी लिहिलं : सोलापूर, कारखान्यात. तेथून हलवू नये.